दिव्यांची अवस

२४ जुलै २०२५, गुरुवार
रात्रीचे साडेदहा

आज साडेचारलाच उठले. पावणेआठची लोकल गाठायच्या आत दिवे घासून व्हायला हवे होते. चिंच रात्रीच भिजत घातली होती. दोन समया, तीन निरांजनं, धुपारतं, लामणदिवा आणि माळ्यावरचा कंदील. कंदील आता कोणी लावत नाही, पण आजच्या दिवशी तोही खाली उतरतो. सगळ्यात चिवट काम समईच्या पाकळ्यांमधल्या खाचांचं. वर्षभराचं तेल तिथे काळं, चिकट होऊन बसलेलं असतं. जुना टूथब्रश घेऊन एकेक खाच मोकळी केली. समईच्या बुडाशी आजेसासूबाईंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलंय, तेवढं हलक्या हाताने पुसते. दरवर्षी ते थोडं अजून पुसट होतं.

आई खुर्चीवर बसून लक्ष ठेवून होत्या. "अगं, लामणदिव्याची साखळी राहिली." गेल्या वर्षापर्यंत हे सगळं त्याच करायच्या. आता गुडघे वाकत नाहीत, नजरही कमी झालीय. वाती मात्र अजून त्यांच्याच. चिमूटभर कापूस मोकळा करायचा, बोट दुधात टेकवायचं आणि फुलवातीचं टोक वळायचं. त्यांना बघावंही लागत नाही. माझी फुलवात अजून निरांजनात नीट उभी राहत नाही.

ऑफिसात सकाळी तिघाचौघांनी 'हॅपी गटारी' केलं. मला हे नाव सहन होत नाही. ज्या दिवशी घरातला दिवान् दिवा पाटावर मांडून पुजतात, त्याला हे नाव? आज पहिल्यांदाच तोंडावर सांगितलं, दिव्यांची अवस म्हणा.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट भिजवून दिवे केले, वाफवले. पाटाभोवती रांगोळी, दिव्यांना हळदकुंकू, आघाडा, दूर्वा, फुलं. सगळे दिवे एकदम लागले तेव्हा मी ट्यूबलाइट बंद केली. आईंनी हात जोडले आणि नेहमीचं विचारलं, "सगळे आले का?"

हा प्रश्न मी तेवीस वर्षं ऐकतेय. दिवेलागणीला घरात यायचं, हा या घराचा नियम. नवी होते तेव्हा मला त्याचा जाच वाटायचा; गाड्या उशिरा धावायच्या आणि दाराशी पोचेपर्यंत जीव धास्तावलेला असायचा. मुलं झाल्यावर कळलं, की दिवा लावणं ही या घराची रोजची शिरगणती आहे. खेळून धुळीने माखलेली दोघं हातपाय धुऊन आईंसमोर बसायची. शुभंकरोती, मग वार, महिने, सत्तावीस नक्षत्रं, पाढे. पावकी, निमकी, दिडकीसुद्धा आईंनी पाठ करून घेतली. लेक औटकीला अडखळायची. साडेतीनाचा पाढा, कोणीही अडखळेल.

लेक जूनमध्ये नोकरीसाठी बंगळूरला गेली. आज "सगळे आले का?"ला लेकाने उत्तर दिलं, "ताई सोडून सगळे." तिच्या वाटणीचे कणकेचे दोन दिवे तूप घालून त्यानेच खाल्ले.

उद्यापासून श्रावण, आणि पहिलाच दिवस शुक्रवार. जिवतीचा कागद आणलाय: वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, तळाशी हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. देवघराशेजारी गेल्या वर्षीच्या कागदाचा फिकट चौकोन आहे, तिथेच लावला. हरभऱ्याची डाळ भिजत घातलीय. उद्या संध्याकाळी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचं. जे मूल घरी नसेल, त्याच्यासाठी अक्षता टाकायच्या. वन्सं नागपूरला दिल्यापासून आई दर जिवतीला पूर्वेकडे अक्षता टाकतात. मी आजवर कधी टाकल्या नव्हत्या. माझी दोन्ही मुलं समोर पाटावर असायची.

मघाशी आईंच्या पायांना तेल लावत होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, "बंगळूर कुठल्या दिशेला गं?"

"दक्षिणेला, आई."

"मग उद्या खुर्ची तशी वळवून ठेव."