सड्यावरची जमीन खाणीकडून परत घेताना: माझा अनुभव

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिमेला आमचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार आहे. वाटणीत त्यातले साडेतीन एकर आमच्याकडे आले. पीक म्हणाल तर पावसाळ्यात थोडा नाचणा, थोडी वरी, बाकी सगळं गवत. वडिलांच्या हयातीत ही जमीन बॉक्साइटच्या, म्हणजे ज्या दगडातून अ‍ॅल्युमिनियम काढतात त्याच्या, खाणीला करारावर दिली होती. मी कोल्हापुरात हिशेबनिशी करतो, त्यामुळे करारातली पैशाची कलमं मला पाठ. खाण संपली तेव्हा मात्र कामाला आली ती शेवटच्या पानावरची एक ओळ, उत्खननानंतर जमीन पूर्ववत करून देण्याची. माती किती, उतार कसा, गवत कुठलं, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नव्हतं. पुढची सगळी झटापट करारातल्या त्या मोकळ्या जागेवरून झाली.

आधी पैशाचं सांगतो, कारण गावात त्याबद्दल भलत्याच समजुती असतात. खनिज सरकारचं, वरची जमीन आपली. रॉयल्टी सरकारजमा होते. आपल्याला मिळते ती जमीन वापरल्याची भरपाई. अ‍ॅल्युमिनियमसाठी जाणाऱ्या बॉक्साइटची रॉयल्टी लंडनच्या धातुबाजारातल्या भावावर ठरते: दगडात जेवढं अ‍ॅल्युमिनियम, त्याच्या किमतीच्या ०.६० टक्के. दगडात ४५ टक्के अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) धरला, तर टनाला सुमारे २३८ किलो धातू. धातूचा भाव टनाला अडीच हजार डॉलर धरला तर रॉयल्टी साडेतीन डॉलरच्या जरा वर, म्हणजे टनाला तीनशे रुपयांच्या आसपास. खाणपट्टा १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा असेल तर या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम वेगळी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते. ती बाधित गावांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळांसाठी. जमीनमालकाच्या खात्यावर त्यातलं काही येत नाही. आमच्या चुलत्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "कागदावर न्हाई तर कुणाच्या खिशात गेलं ते तर सांग," हा त्यांचा प्रश्न.

बॉक्साइट हा जड आणि स्वस्त दगड. चार टन दगडातून दोन टन अ‍ॅल्युमिना आणि त्यातून एक टन धातू, असा ढोबळ हिशेब. म्हणजे निम्मा धंदा वाहतुकीचाच. आमच्या जिल्ह्यातला माल बेळगावच्या कारखान्याकडे जातो तो अंतर परवडतं म्हणून. खड्डा भरायचा तर पोकलेन आणि डंपर सड्यावर असतानाच भरला पाहिजे. एका बाजूने माल काढायचा, मागच्या बाजूने टाकाऊ जांभा लोटत यायचं, तर खर्च फारसा जाणवत नाही. खाण बंद झाल्यावर तीच यंत्रं पुन्हा वर चढवायची म्हणजे नुसता खर्च, कारण त्या जागेतून आता एक रुपया यायचा नसतो. काम रखडतं ते इथेच.

आमचा खड्डा भरला होता, हे आधी सांगतो. लांबून बघितलं तर सपाट, बाजूला ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग. कंपनीने 'जमीन ताब्यात मिळाली' असा कागद सहीसाठी पाठवला. त्या सुट्टीत आमचे दाजी आले होते. त्यांची सगळी नोकरी झारखंडात जादूगुडाच्या युरेनियम खाणीत गेली. ते म्हणाले, "पाव्हणं, सही राहू दे, आधी पहार घ्या." वर गेलो. पहार चार बोटं आत गेली आणि खणकन् वाजली. दहा पावलांवर पुन्हा तेच. वरचा थर म्हणजे जांभ्याचा चुरा, त्यात मुठीएवढे खडे, आणि माती अशी की ओंजळीत धरून पाणी ओतलं तर तांबडं पाणी सरळ खाली गळून जावं. सड्यावर माती मुळातच वीतभर. खाण उघडताना ती वेगळी काढून, ढीग करून ठेवायची असते. ती दगडात मिसळली की पुन्हा वेगळी काढता येत नाही.

खाणीची जमीन परत पिकाखाली येतच नसते, असं कंपनीचा माणूस बोलला होता. दाजी त्यावर चिडले. जादूगुडाचा मुख्य शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, ६४० मीटर खोल, आणि टनभर दगडातून मिळणारं युरेनियम किलोसुद्धा भरत नाही. उरलेला जवळजवळ सगळा दगड दळून, रसायनातून काढून गाळ म्हणून तळ्यात साठवावा लागतो. त्या गाळात रेडियम राहतं, त्यातून रेडॉन वायू निघत राहतो. ते तळं मातीने झाकता येतं, पण तिथे गुरं सोडता येत नाहीत. "तिथं न्हाई म्हटलं तर समजू शकतो. तुमचं काय? वरून चार-सहा मीटर दगड उचललाय नुसता. रसायन लागतं ते कारखान्यात, दगडातनं उरलेला लाल गाळ पडतो तोही तिकडंच. इथं माती आणि उतार सोडून बिघडलंय काय?" त्यांचं हे वाक्य मी पुढे प्रत्येक अर्जात सभ्य भाषेत घातलं.

आता कागदांचं. बॉक्साइटच्या प्रत्येक खाणीला खाणबंदी आराखडा, म्हणजे खाण बंद करताना जमीन कशी सावरायची त्याचा आराखडा, लागतो आणि तो भारतीय खाण ब्युरो मंजूर करतो, मुख्यालय नागपूरला. काम चालू असताना टप्प्याटप्प्याचा आराखडा, आणि बंद करायच्या दोन वर्षं आधी अंतिम. काम पुरं व्हावं म्हणून कंपनीला हमी ठेवावी लागते. २०१७ च्या नियमांत मोठ्या यांत्रिक खाणीला ती हेक्टरी ३ लाख रुपये होती, पुढे वाढली. आराखड्याची प्रत कंपनीने दिली नाही. मी माहितीच्या अधिकारात मागितली: फी १० रुपये, झेरॉक्सचे पानाला २ रुपये. तिच्यात आमच्या गटाच्या बाजूला मातीच्या ढिगाची जागा नकाशावर चौकोन करून दाखवली होती. प्रत्यक्षात त्या चौकोनात डंपरचा रस्ता होता.

त्यानंतर तक्रारीचा सूर बदलला. 'जमीन खराब झाली' असं लिहिलं की उत्तर येतं, 'पुनर्भरण केले आहे'. 'आराखड्याच्या अमुक पानावरचा मातीचा साठा जागेवर नाही' असं लिहिल्यावर स्थळपाहणी लागली. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा ८ जानेवारी २०२० चा आदेश जोडला. खाणकाम संपल्यावर पट्टाधारकाने तिथे पुन्हा गवत उगवून द्यावं, जमीन चाऱ्याजोगी करावी, असा तो आदेश आहे. आमच्या सड्याला याहून नेमकं काही मागायचंच नव्हतं. बाभळीची रांग दाखवून वृक्षारोपण झालं म्हणणं सोपं असतं. म्हैस बाभूळ खात नाही.

पाहणीला खनिकर्म विभागाचे अधिकारी, मंडळ अधिकारी, तलाठी, कंपनीचे दोघे आणि आम्ही भाऊबंद. पंचनाम्यात 'माती अपुरी' असं मोघम लिहायला लागले होते. मी विनंती केली की पाच ठिकाणी खणून खोली सेंटिमीटरमध्ये लिहा. अधिकारी भले होते, लिहून घेतली. बाकीचं काम त्या पाच आकड्यांनी केलं. ज्यांचं असं काही चालू असेल त्यांनी मोजणीचा नकाशाही जवळ ठेवावा, कारण खाणीनंतर बांध कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्यात आणि शेजाऱ्यांत त्यावरून वाद पेटायच्या बेतात होता.

कंपनीने अखेर खालच्या तळ्यातला गाळ आणि बाहेरून आणलेली माती टाकली. उताराला आडवे चर काढले. पहिल्या पावसात एका चराने दगा दिला आणि बरीच माती वाहून गेली. पुन्हा टाकून घेतली. पवन्या आणि कुसळीचं बी आम्हीच शेजारच्या न खणलेल्या सड्यावरून गोळा केलं, ते विकत कुठे मिळत नाही. वरच्या दोन पट्ट्यांत गवत धरलंय. नाचण्याला अजून वेळ आहे, दाजींच्या मते शेणखत घालून तीन-चार पावसाळे.

सातबाऱ्यावर इतर हक्कात खाणपट्ट्याची नोंद अजून आहे. ती कमी करायचा फेरफार टाकलाय, हरकतीची १५ दिवसांची नोटीस लागलीय. खालच्या पट्ट्याची माती पावसाळ्याआधी देऊ, असं कंपनीने पत्रात लिहिलंय. कुठल्या पावसाळ्याआधी ते लिहिलेलं नाही, म्हणून ताबापावतीवर सही अजून केलेली नाही.