काळा डुंगर: दत्ताच्या पंगतीला कोल्हे

आईचं दत्ताचं बहुतेक सगळं करून झालंय. नरसोबाची वाडी आणि औदुंबर म्हणजे तिला माहेर, गाणगापूर चार वेळा, आणि गिरनार तर रोपवे व्हायच्या आधी, सगळ्या पायऱ्या चढून. त्यामुळे भजनी मंडळातल्या कुणीतरी "कच्छच्या रणात एक दत्त आहे, तिथं आरती झाली की कोल्ह्यांना जेवायला वाढतात" असं तिच्या कानावर घातलं आणि माझी सुटका संपली.

"दत्तापाशी कोल्हे कसे? कुत्रे असतात," एवढीच तिची शंका. ती फेडायला आम्ही जानेवारीत दादरहून सयाजीनगरी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुजला उतरलो. गुरुवार साधायचा होता, म्हणून बुधवारी भुजमध्ये नुसतं हुंदडलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

भुजहून काळा डुंगर, म्हणजे दत्ताचा तो डोंगर, शंभरेक किलोमीटर. वाटेत कर्कवृत्ताचा फलक लागतो, तिथं प्रत्येक गाडी थांबते, आमचीही थांबली. आईला फलकापाशी उभं करून फोटो काढला. "कुठंय ती रेघ?" असं ती विचारेल याची मला खात्री होती, आणि तिनं विचारलंच.

त्यानंतर बन्नी सुरू होते. एके काळी आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांत जिचं नाव घेत ती ही बन्नी, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरची. खिडकीतून मात्र गवत कमी आणि काटेरी झुडपंच जास्त दिसत होती. "गांडो बावळ," आमचा चालक म्हणाला आणि आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. गुजरातीत गांडो म्हणजे वेडा. आपल्याकडेही तिला वेडी बाभळच म्हणतात, तेव्हा नावात दोन्ही भाषांचं एकमत आहे. फक्त उच्चार चारचौघांत जरा सांभाळून करावा. रण पुढं सरकू नये म्हणून साठच्या दशकात वनखात्यानं ती इथं लावली. रण थांबलं की नाही ते सोडा, बाभूळ काही थांबली नाही. आता तिचाच कोळसा करून कित्येक घरं चालतात, म्हणजे नुसत्या शिव्याही देता येत नाहीत.

गवत उरलंय तिथं म्हशी दिसल्या. वळलेल्या शिंगांच्या, काळ्याभोर. बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून 2010 साली मान्यता मिळाली. या म्हशी रात्री चरायला जातात आणि पहाटे राखणदाराशिवाय आपापल्या घरी परततात. आमच्या चालकानं हे अशा सुरात सांगितलं की जणू त्याची स्वतःची मुलं पहिल्या नंबरानं पास झाली आहेत. मालधारी, म्हणजे गुरं राखणाऱ्या, घराण्यातला निघाला तो. गाडी चालवतो, पण बोलण्यात म्हशी आल्या की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

याच म्हशींच्या दुधाचा मावा भिरंडियाऱ्याला मिळतो. मोठ्या कढईत दूध आटवून, साखर घालून, दाणेदार होईपर्यंत हलवलेला, आणि कागदावर गरम गरम. आईनं पहिला घास तोंडात टाकून डोळे मिटले. वाडीच्या बासुंदीपुढं आणि कवठाच्या बर्फीपुढं ती कशालाच मानत नाही. "बरा आहे," म्हणाली. मग पाव किलो बांधून घेतला.

पुढं लुडियाला भुंगे पाहायला उतरलो. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, वर गवताचं शंकूसारखं छप्पर, आत भिंतीवर मातीचीच नक्षी आणि तीत बसवलेल्या इवल्या आरशा. आम्हाला आत बोलावणाऱ्या बाई "अचो, अचो" म्हणत होत्या. कच्छीत अचो म्हणजे या. भाषा सिंधीची सख्खी बहीण, त्यामुळे आमचं मराठी-गुजराती-हिंदी मिश्रण तिथं निम्मंच पोचत होतं. पण आईला भिंत हाताळून पाहायची होती, आणि त्याला भाषा लागत नाही.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधली दगडी आणि सिमेंटची घरं ढासळली, तेव्हा असे भुंगे मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि छप्पर हलकं असतं. हे ऐकून आई थोडा वेळ गप्प झाली. 1993 च्या सप्टेंबरात विसर्जन करून झोपलेलं किल्लारी पहाटे दगडामातीच्या जड भिंतींखाली गाडलं गेलं, तेव्हा आमच्या शाळेत लातूरला पाठवायला कपडे गोळा केले होते आणि गठ्ठे बांधायला ती आली होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "आपल्याकडं माळवदाऐवजी असं काही असतं तर." तेवढंच.

खावडा हे या भागातलं शेवटचं मोठं गाव. पूर्वी रणाच्या तोंडावरचं शांत ठाणं असावं, आता तिठ्यावर ट्रकांची रांग. रणाच्या कडेला सूर्य आणि वाऱ्याच्या विजेचं प्रचंड उद्यान उभं राहतंय: 72,600 हेक्टर जागा, 30,000 मेगावॉटचं उद्दिष्ट. त्यामुळे चहाच्या टपरीवर कच्छीपेक्षा भोजपुरी आणि तेलुगू जास्त ऐकू येत होती. टपरीवाला खूश होता. शेजारी बसलेले एक काका तितके खूश नव्हते. त्यांच्या मते उंटांच्या वाटा तारेच्या कुंपणांनी अडवल्या. दोघांचंही मला पटलं, आणि दोघांनीही मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

खावड्याची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, पण आता ती घडवणारे फार थोडे राहिले आहेत. आम्ही एका कुंभाराच्या घरी गेलो. पुरुष चाकावर घडवणार, रंगवणार मात्र बायका, अशी इथली रीत. घरातल्या बाईंनी आमच्यासमोर एक वाडगा घेतला. आधीच गेरूनं लाल केलेला होता. त्या तो चाकावर ठेवून हळू फिरवत होत्या आणि हातात बांबूची कुंचल्यासारखी ठेचलेली काडी. काडी काळ्या रंगात बुडवून वाडग्याला नुसती टेकवली. हात जागचा हलला नाही, वाडगाच फिरला आणि स्वतःभोवती एक सरळ रेघ ओढून घेतली. मग पांढरी रेघ, मग दोघींच्या मध्ये ठिपके. लाल, काळा, पांढरा, तिन्ही रंग मातीचे आणि दगडाचे. भाजायला पुन्हा तीच वेडी बाभूळ. किंमत ऐकून मला घासाघीस करायची लाज वाटली. आईला वाटली नाही.

तिथून वर डोंगराचा रस्ता. आता खरं सांगायचं तर, सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला काळा डुंगर बघून आधी हसूच येतं. उंची 462 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या एक तृतीयांशही नाही. आपल्याकडं याला टेकाड म्हणून सोडून दिलं असतं. शिवाय काळा म्हणावा असा तो काळाही नाही. जवळून बघाल तर तांबूस, पिवळट, तपकिरी वाळूचा दगड. कातळ कसा काळा असतो ते आम्हाला विचारा. पण इथं आमचा तोरा एका बाबतीत उतरतो. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इथले खडक ज्युरासिक काळातले, त्याहून सुमारे दहा कोटी वर्षांनी थोरले, आणि ते समुद्राच्या पाण्यात साचलेले. कच्छमध्ये उघड्यावर दिसणाऱ्या सर्वांत जुन्या खडकांत त्यांची गणना होते. म्हणजे वयानं हा आपला आजोबा. आजोबांच्या उंचीला हसू नये.

चढावर एका टप्प्यात गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली की आपोआप पळते म्हणतात. चालकानं तो प्रयोग करून दाखवला. हा डोळ्यांना होणारा भास आहे. आजूबाजूच्या उतारांमुळे उतरण चढणीसारखी वाटते. मी हे समजावून सांगायला लागलो तर आई म्हणाली, "जरा गप्प बस, पळू दे."

माथ्यावर मात्र मी खरोखर गप्प झालो. उत्तरेला काहीच नाही. झाड नाही, घर नाही, क्षितिजाचीसुद्धा खात्री नाही. खाली करडी जमीन, मग ओलसर पट्टा, मग पांढरं, आणि ते पांढरं कुठं संपून आभाळ सुरू होतं ते कळत नाही. पावसाळ्यात हे सगळं समुद्राच्या आणि पावसाच्या पाण्याखाली असतं आणि पच्छम, ज्याच्या डोक्यावर आपण उभे आहोत, ते खरोखर बेट होतं. पाणी आटलं की मीठ राहतं. एवढ्या सपाटीत 462 मीटर म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं. दुर्बीण भाड्यानं देणारा पोरगा "पाकिस्तान देखो" म्हणून मागं लागला होता. सरहद्द पलीकडं बरीच लांब, त्या पांढऱ्यातच कुठंतरी. दुर्बिणीतून मला तेच पांढरं मोठं दिसलं. 1971 च्या युद्धानंतर पलीकडच्या थरपारकरमधून सोढा राजपूत आणि मेघवाळ कुटुंबं कच्छमध्ये येऊन वसली. त्या पोराच्या आजीचं बालपण या पांढऱ्याच्या पलीकडं गेलंय, हे त्यानं दुर्बिणीचे पैसे मोजता मोजता सांगितलं.

देवळात दत्ताची मूर्ती आहे. आईनं औदुंबर शोधला, नव्हता. नदी नव्हतीच. "नदीशिवाय दत्त मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. गिरनारचं तिच्या लक्षात आणून दिलं नाही. पुजाऱ्यांनी कथा सांगितली: दत्तगुरू भटकत इथं आले तेव्हा डोंगरावर कोल्हे उपाशी होते. द्यायला काही नाही, म्हणून त्यांनी आपलं शरीरच पुढं केलं. "लो अंग." कोल्हे खात गेले आणि अंग पुन्हा पुन्हा भरून येत गेलं. त्याच "लो अंग"चं "लोंग" झालं, आणि आजही आरतीनंतर तीच हाक देऊन कोल्ह्यांना प्रसाद वाढतात. ही प्रथा चारशे वर्षांची म्हणतात. प्रसाद म्हणजे भात. माणसांसाठी खाली अन्नक्षेत्र आहे, तिथं खिचडी आणि ताक कुणालाही मिळतं.

मराठीत कोल्ह्याच्या वाट्याला फार वाईट आलंय. तो लबाड, त्याला द्राक्षं आंबट, तो काकडीला राजी, आणि कुणी उगाच ओरडलं की ती कोल्हेकुई. इथं तो पाहुणा, तेही पहिल्या पंगतीचा.

आरती झाली. पुजारी भाताचं भांडं घेऊन उतारावरच्या ओट्याकडं गेले, भात पसरला, थाळी वाजवली आणि लांबवर हाक दिली, "लोंग, लोंग." कठड्याला पन्नासेक माणसं, पन्नासेक मोबाइल उंचावलेले. कोणी आलं नाही. दहा मिनिटं गेली. एक लहान मुलगा रडायला लागला, कुणीतरी "सगळं थोतांड" म्हणालं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग बसच्या चालकानं हॉर्न दिला आणि गर्दी पांगली.

आम्ही धर्मशाळेत मुक्कामाला होतो, म्हणून थांबलो. वारा बोचरा सुटला होता. आईनं शाल डोक्यावरून घेतली. रणाचं पांढरं निळसर झालं, मग राखाडी.

शेवटची बस वळणाआड गेली आणि खालच्या काटेरी झुडपातून एक आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, पाय लांब, पाठीवर मळकट काळसर केस, बाकी रंग डोंगराचाच. त्यानं आमच्याकडं पाहिलं, आम्हाला मोजलं असावं, आणि ओट्यावर चढला. मागून आणखी दोन. भांडण नाही, गुरगुर नाही. तिघं आपापला कोपरा धरून खाली मान घालून जेवत होते; भात चाटल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

आई पुटपुटत होती. मला वाटलं "दिगंबरा दिगंबरा" चाललंय. जवळ जाऊन ऐकलं तर ती मोजत होती.

"तीनच आहेत रे," ती हळूच म्हणाली. "दत्ताचे चार असतात."

मागं उभ्या असलेल्या पुजाऱ्यांना "चार" तेवढं कळलं असावं. त्यांनी खालच्या झुडपाकडं बोट दाखवलं आणि हिंदीत म्हणाले, "एक आणखी आहे, माजी. म्हातारा आहे, सावकाश येतो."

थंडीनं माझे दात वाजायला लागले होते. आईनं शाल घट्ट केली, कठड्याला टेकली आणि तिथंच उभी राहिली.