तळ्यात-मळ्यात

बिल्डर हवा की नको यावरच्या सोसायटीच्या सभेत एकजण म्हणाला, "काका, तुमचं कायम तळ्यात-मळ्यात." सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच जास्त लागलंय. घरी आल्यावर हिने विचारलं, तर काही नाही म्हटलं. तिलाही कुठवर सांगायचं.

डोक्यात सारखा फ्रेंच क्रांतीतला वेर्नियो येतोय. बोर्दोचा वकील, जिरोंदिस्टांचा सगळ्यात मोठा वक्ता. राजा नको, प्रजासत्ताक हवं, पण पॅरिसच्या जमावाच्या दमदाटीवर कारभार नको, असं म्हणणारी ती माणसं. राजा सोळाव्या लुईच्या शिक्षेचा कौल जनतेकडून घ्या, असं ३१ डिसेंबर १७९२ ला तो जीव तोडून बोलला. जानेवारीत कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मतदान झालं तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत हाच. एकेक सभासद मंचावर चढून मोठ्याने मत सांगतोय, रात्र सरली, दुसरा दिवस कलला तरी चालूच. याची पाळी आली आणि हा म्हणाला, मृत्युदंड. मग ७२१ पैकी ३८७, हा निकालही यालाच वाचावा लागला.

का दिलं असेल ते मत? भेकड म्हणावं तर तसा नव्हता. जनतेच्या कौलाचा मुद्दा फेटाळला गेलाच आहे, आता कायद्यातली शिक्षा तेवढी उरली, असा वकिली हिशेब? की गॅलरीतला आरडाओरडा ऐकून वाटलं, एकदाचं संपू दे? एवढं करून पदरात काय, तर राजनिष्ठांना तो खुनी आणि डोंगरवाल्यांना, म्हणजे सभागृहात वरच्या बाकांवर बसणाऱ्या जहालांना, राजाचा छुपा दोस्त. आमच्याकडेही बिल्डर हवा म्हणणाऱ्यांना मी आडमुठा, नको म्हणणाऱ्यांना विकला गेलेला. रात्रभर जागून दोन्ही बाजूंचे कागद वाचणारा मी एकटा. जाऊ दे.

२ जून १७९३ ला पॅरिसच्या नॅशनल गार्डचा सेनापती आंरिओ याने तोफा लावून सभागृह वेढलं. बाहेर पडू बघणारे सभासद मुकाट परत येऊन बसले आणि आपल्याच २९ सहकाऱ्यांच्या अटकेचा ठराव करून मोकळे झाले. ऑक्टोबरअखेर वेर्नियो आणि त्याचे काही साथीदार मार्सेय हे क्रांतीचं गाणं गात गिलोटिनकडे गेले. एकेक आवाज कमी होत गेला म्हणतात.

इथे मात्र माझी कणव जरा ओसरते. ते गाणं ज्या युद्धापायी लिहिलं गेलं, ते एप्रिल १७९२ चं युद्ध हवं म्हणून घसा कोरडा करणारे हेच. नको म्हणणारा कोण, तर डोंगरवाल्यांचा पुढारी रोबेस्पिएर! आणि सभासदाला खेचून क्रांतिन्यायालयापुढे उभं करायची वाटही यांनीच घालून दिली. यांनी असा उभा केलेला जहाल पत्रकार-सभासद मारात निर्दोष सुटला, लोकांनी त्याला खांद्यावर मिरवत आणला, ते वेगळं. असले हे मवाळ. मी तर मेंटेनन्स थकवणाऱ्याला नोटीस धाडतानाही 'कृपया' दोनदा घालतो.

पण तरी, ते मत का दिलं?

खरं तर माझी जागा वेर्नियोच्या बाकावर नाहीच. त्याच सभागृहात खाली, मधोमध, मैदानवाले बसायचे. संख्येने सगळ्यात जास्त, नावं फारशी कुणाच्या लक्षात नाहीत. हिणवून त्यांना दलदल म्हणत. राजाच्या वेळी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मृत्युदंडाला मत दिलं, जिरोंदिस्टांच्या वेळी गप्प राहिले, आणि जुलै १७९४ मध्ये वारं फिरलेलं बघून रोबेस्पिएरलाही खाली ओढायला हातभार लावला. त्यांच्यातल्या सियेसला पुढे कुणीतरी विचारलं म्हणे, त्या दहशतीच्या काळात तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, जगलो.

वेर्नियोला एवढं जमलं नाही. मला बहुतेक जमेल. बिल्डर कुठलाही आला तरी.