तीन दिवसांची कॉन्फरन्स आणि खिशातला एक प्रश्न

मागच्या कॉन्फरन्सहून परतताना माझ्याकडे एक कापडी पिशवी, तीन पेनं आणि वीस-बावीस व्हिजिटिंग कार्डं होती. महिन्याभराने कार्डं चाळली, तर एकाचाही चेहरा आठवेना. आळस केला होता असंही नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकूण एक सेशन ऐकलं होतं.

या वेळी निघण्याआधी कागदावर एकच प्रश्न लिहिला. माझं काम जुन्या काँक्रीट पुलांच्या तपासणीचं. आतल्या सळ्यांना गंज चढतोय का, हे पाहायला आम्ही हाफ-सेल चाचणी करतो, म्हणजे काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळीचं विद्युत विभव मोजतो. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं, की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, असा प्रचलित निकष आहे. पण एका पुलाच्या पाण्यात बुडालेल्या खांबांवर रीडिंग त्याहून कितीतरी खाली आलं, आणि काँक्रीट फोडून पाहिलं तर सळी जवळजवळ स्वच्छ! असं का? ‘या क्षेत्रात नवीन काय चाललंय’ असं विचारलं की समोरचाही मोघमच बोलतो. आकड्यांसकट अडचण मांडली की तो खुर्ची जवळ ओढून घेतो.

कॉन्फरन्समध्ये मांडल्या जाणाऱ्या निबंधांच्या सारांशांची पुस्तिका आठवडाभर आधी आली होती. ती वाचून माझ्या प्रश्नाच्या जवळपास काम करणाऱ्या तिघांना चार ओळींचे ईमेल टाकले. दोघांचं उत्तर आलं. भेट ठरवायची तर पहिल्या दिवसाची ठरवा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर निम्मे लोक बॅग पायाशी ठेवून घड्याळाकडे बघत बसलेले असतात.

पहिल्या दिवशी मी जुनीच चूक केली. मोठ्या हॉलमधल्या चर्चासत्रात पाच वक्ते एकमेकांशी सहमत होत होते आणि मी संकोचाने तासभर बसून राहिलो. १९८५ साली ‘ओपन स्पेस’ ही सभा घेण्याची पद्धत सुरू करणारे हॅरिसन ओवेन यांचा ‘दोन पायांचा नियम’ तेव्हा आठवायला हवा होता: जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावं. ओवेन यांना ही पद्धत सुचली तीही स्वतः भरवलेल्या कॉन्फरन्समुळेच. लोकांना तिथे सगळ्यात आवडली होती ती कॉफीची सुट्टी! दुसऱ्या दिवसापासून मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो आणि दोनदा बिनदिक्कत बाहेर पडलो.

चहाच्या सुट्टीत गोल करून उभ्या असलेल्या लोकांत घुसायचं कसं, हे मला अजूनही नीट जमत नाही. मात्र आपण स्वतः गोलात असलो, तर एका माणसापुरती फट मोकळी ठेवता येते. जुन्या व्हिडिओ गेममधल्या तोंड उघडलेल्या पॅकमॅनसारखी. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या एरिक होल्शर यांनी मांडलेल्या या युक्तीचं नावही ‘पॅकमॅन नियम’च आहे. मी ती पाळली, तर अवघडून उभे असलेले दोघं आपणहून येऊन उभे राहिले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते पोस्टरच्या हॉलमध्ये, म्हणजे जिथे संशोधक आपलं काम मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे राहतात तिथे, वेळ संपायला वीस मिनिटं असताना. गर्दी ओसरली होती. कोपऱ्यातल्या पोस्टरपाशी एक बाई एकट्याच उभ्या होत्या, आणि पोस्टरचा विषय माझ्या प्रश्नाशी थेट जुळणाराही नव्हता. मी आकडे सांगितले. त्यांनी लगेच विचारलं, “खांब कायम पाण्यात असतात का?” हो म्हटल्यावर म्हणाल्या, पाण्याने भरलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन जवळपास पोचत नाही, म्हणून रीडिंग खूप खाली जातं, पण गंजाचा वेग मात्र कमीच असतो. निकष कोरड्या-ओल्या होणाऱ्या भागाला लावा, बुडालेल्या भागाला डोळे झाकून लावू नका, आणि जोडीला गंजाचा वेग मोजणारी चाचणी करा. सहा महिने अडलेलं काम दहा मिनिटांत सुटलं. पोस्टर बघायला जायचं तर असं शेवटी जा. मांडणाऱ्याला बोलायला सवड असते, तुम्हालाही.

कार्ड घेतलं की त्याच रात्री त्याच्या मागे दोन ओळी लिहा: काय बोलणं झालं, आपण काय पाठवायचं कबूल केलं. या वेळी सातच कार्डं आणली, पण सातही लिहिलेली. आणि ‘भेटून आनंद झाला’ असा ईमेल टाकू नका, कबूल केलेली वस्तू पाठवा. मी त्या बाईंना आमच्या खांबांची सगळी रीडिंग पाठवली, फोडलेल्या काँक्रीटच्या फोटोंसकट. त्यांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. त्यात तीन नवे प्रश्न आहेत, आणि त्यातला एक मला पुलावर पुन्हा गेल्याशिवाय सुटणार नाही.