चॅलेंज पास, पण दाणा ताटाच्या कडेला

मी ठाण्यात लहान मुलांच्या ॲलर्जीचं काम करते. मागच्या महिन्यात घोडबंदर रोडवरून एक 8 वर्षांचा मुलगा आला, आईबाबा दोघंही रजा टाकून. 2 वर्षांचा असताना चिक्की खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तेवढंच झालेलं. मग कुणीतरी रक्ताचं भलंमोठं पॅनल करायला लावलं, त्यात दाणे, मूग, गहू असं काय काय पॉझिटिव्ह आलं आणि सगळंच बंद. ही पॅनल प्रकरणं मला अजिबात पटत नाहीत, मूल एखादा पदार्थ आरामात खात असलं तरी रक्तातलं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) पॉझिटिव्ह येऊ शकतं, पण रिपोर्टवर ते बघितलं की आईचा हात थांबतोच ना. मूग-गहू आम्ही आधीच सुरू केले होते, राहिले दाणे. आता आपल्या घरात दाणे बंद म्हणजे खिचडी बंद, कोशिंबीर बंद, भरली वांगी बंद, आजीकडे जेवायला जाणंपण बंद.

दाण्याच्या स्किन टेस्टला फोड अगदी बारीक आला म्हणून फूड चॅलेंज ठरवलं, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर दाणे थोडे थोडे खाऊ घालून ॲलर्जी खरंच आहे का ते बघायचं. हे हॉस्पिटलमधेच करायचं असतं, घरी कुणी करू नका प्लीज. कूट काट्यावर तोलून दह्यात कालवायचं, दर 20 मिनिटांनी थोडं वाढवत न्यायचं. वजन 22 किलो, म्हणून मोठी रिॲक्शन आलीच तर टोचायला ॲड्रेनॅलिन 0.22 मिली सिरिंजमधे भरून ट्रेमधे तयार.

तिसऱ्या डोसनंतर पोरगा म्हणाला, "घसा आवळतोय." आई ताडकन उठली. खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा आला. छाती ऐकली, साफ. ऑक्सिजन 99, बीपी ठीक, शर्ट वर करून पाठपोट बघितलं, एक गांध नाही, आवाज नेहमीचा, खोकला नाही. तेवढ्यात त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. सॅनिटायझर लावून लावून बोटं पार फुटलेली, नखांच्या कडेला रक्ताचे ठिपके. वर्गात कुणी चिक्की काढली की हा हात धुवायला पळतो, आई म्हणाली.

पुढचा डोस थांबवला आणि म्हटलं, "बाबांशी पत्ते खेळ, मी इथेच बसलेय." बाबांनी मुद्दाम चीटिंग केली तर हा एवढ्या जोरात ओरडला की सिस्टर धावत आल्या. घसा ठणठणीत! मग उरलेले डोस दिले, शेवटचा साधारण 10 दाण्यांचा, वर 2 तास बसवून ठेवलं, काही झालं नाही. आई रडायलाच लागली. तो गुपचूप बेसिनकडे गेला हात धुवायला.

आता आठवड्यातून दोन-तीनदा दाणे पोटात जायलाच हवेत, तसं सांगून पाठवलं. चार दिवसांनी आईचा फोन, "मॅडम, खिचडी केली तर एकेक दाणा वेचून ताटाच्या कडेला ठेवला हो, आता याचं काय करू?" मग काउन्सेलरकडे पाठवलं, तिने आधी नुसता दाणा हातात धरायला सांगितलंय, खायची सक्ती नाही.

काल फोटो आलाय. तळहातावर एक भाजलेला दाणा, साल काढलेला. खाल्ला का ते मी विचारलं नाही.