मायनस म्हणजे रिटार्डेशन?

गोव्यात अकरावीला फिजिक्स शिकवते. आमच्याकडे बरीच पोरं चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत, त्यामुळे 'अ‍ॅक्सेलरेशन म्हणजे रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी' घडाघडा म्हणतात पण चेंज कशात झाला विचारलं की गप्प. त्यात स्कूटरचा अ‍ॅक्सेलरेटर डोक्यात बसलेला, म्हणून अ‍ॅक्सेलरेशन म्हणजे पळणं. ब्रेकनेही अ‍ॅक्सेलरेशनच मिळतं हे पटता पटत नाही.

युनिट टेस्टला विचारलं होतं, बॉल सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला अ‍ॅक्सेलरेशन किती? अर्ध्याहून जास्त वर्गाने शून्य लिहिलं. ट्यूशनला जाणाऱ्यांनीही, तिथे फॉर्म्युले पाठ करून घेतात फक्त.

पेपर वाटले आणि फळ्यावर दर सेकंदाची व्हेलॉसिटी, म्हणजे दिशेसकट वेग, मीटर पर सेकंदमध्ये लिहिली, वरची दिशा प्लस, हवेचा विरोध सोडून: १९.६, ९.८, ०, -९.८, -१९.६. म्हटलं प्रत्येक वेळी किती कमी होतंय बघा. ९.८ च. शून्य मधे येऊन जातं, फरक तोच राहतो, तिथे अ‍ॅक्सेलरेशनही शून्य झालं असतं तर बॉल वरच लटकला असता ना?

चोडण बेटावरून येणारी एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमची फेरीबोट धक्क्याला लागताना इंजिन उलटं फिरवतात, पाणी पुढे उसळतं, बोट तरी पुढेच येते. तसंच ना?"

इतकं चांगलं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

मग तिनेच विचारलं, "आणि इंजिन उलटंच चालू ठेवलं तर?"

"थांबेल, आणि मागे जायला लागेल."

"मग मागे जाताना स्पीड वाढणार. अ‍ॅक्सेलरेशन तर तेच, मायनस. पण तुम्ही मायनस म्हणजे रिटार्डेशन, स्पीड कमी होणं, असं लिहून दिलंय."

मी फळ्याकडे बघितलं. शेवटच्या दोन आकड्यांत तेच होतं, -९.८ वरून -१९.६, अ‍ॅक्सेलरेशन मायनस आणि स्पीड दुप्पट. कित्येक वर्षं मी ते वाक्य डिक्टेट करत आलेय. पोर्शन संपवायच्या घाईत कोणी विचारलं नाही आणि मीही थांबले नाही.

तिथेच सगळ्यांना ते खोडायला लावलं. मायनस फक्त दिशा सांगतो, व्हेलॉसिटी आणि अ‍ॅक्सेलरेशनची चिन्हं सारखी असली तर स्पीड वाढतो, उलट असली तर कमी होतो, असं लिहून दिलं. मागच्या बॅचेसच्या वह्यांत मात्र ते तसंच असणार, आणि त्यातली काही पोरं आता इंजिनीअरिंगला आहेत.