आमची वाटचाल : फॅट ३.८

कोल्हापुरात एका खोलीत, एक संगणक आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन आम्ही दोघा भावांनी दूध संस्थांचे प्रोग्रॅम करायला सुरुवात केली. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमचे दिवस. त्यात आकडा फाइलमध्ये अक्षरांसारखा बसायचा, एका अंकाला एक बाइट. जागा खायचा, पण दशांशाची घरे ठरलेली, ३.८ लिहिले की ३.८च.

पुढे एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसवर गेलो. लिटर, फॅट (दुधातली स्निग्धता), एसएनएफ (स्निग्धता सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम हे पाचही रकाने मी फ्लोट, म्हणजे अपूर्णांक जवळपास साठवणारा आठ बाइटचा प्रकार, ठेवले. अपूर्णांक आला की फ्लोट, एवढीच तेव्हा समज होती.

एके सकाळी संकलन सुरू असतानाच एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "सभासद पावती घेऊन उभा हाय. फॅट ३.८ लागलीया आणि दर ३.७ चा पडलाय. तुम्ही याच." गेलो. पावती खरी होती.

कोणत्या फॅटला कोणता दर हे दरपत्रक आमचाच प्रोग्रॅम तयार करायचा, ३.५ पासून ०.१ मिळवत. पण संगणक मोजतो दोनाच्या घातांत (अर्धा, पाव, अष्टमांश असे), आणि त्यात ०.१ पुरता मावतच नाही. आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३ लिहीत बसावे तसे. ३.६ आणि ३.७ नीट आले, तिसऱ्या बेरजेला मात्र ३.८००००००००००००००३ झाले. यंत्रावरून आलेली फॅट त्याहून तसूभर कमी, म्हणून खालचा दर. ३.९ लाही तेच. ४.० ला चूक आपोआप जिरायची, त्यामुळे इतके दिवस कुणाच्या ध्यानात आले नाही. घामाचे पैसे होते ते. मागची सगळी बिले पुन्हा काढली आणि फरक आम्ही भरला.

मग सगळे आकडे पूर्णांकात आणले. फॅट ३.८ ऐवजी ३८, एसएनएफ ८.५ ऐवजी ८५, रक्कम रुपयांऐवजी पैशांत. एका नोंदीत पाच फ्लोटचे ४० बाइट होत. आता फॅट आणि एसएनएफला एकेक, लिटर आणि दराला दोन-दोन, रकमेला चार, मिळून १०. चारशे सभासद, दोन वेळचे दूध, वर्षाच्या २,९२,००० नोंदी. म्हणजे १,१६,८०,००० बाइटऐवजी २९,२०,०००. एसक्यूएल सर्व्हर डिस्कवरून ८ केबीची पाने वाचतो. एका पानात जास्त नोंदी मावल्या की पाने कमी वाचावी लागतात. दिवाळीचा दूध फरक (वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणारी जादा रक्कम) काढताना वर्षभराच्या नोंदी चाळाव्या लागतात, तेव्हा संस्थेच्या जुन्या संगणकावर हे फार जाणवले.

तरी एक राहिलेच. चार बाइटच्या पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत मोजले तर जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये. एका संस्थेची वर्षाची बेरीज त्यापुढे गेली आणि मार्चअखेरचे पत्रक ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाऊन, अडले. नोंदीत चारच बाइट ठेवले, बेरीज बिगइंट या आठ बाइटच्या मोठ्या पूर्णांकात घेतली. पत्रक त्या रात्री साडेअकराला निघाले. सचिव तोवर ऑफिसातच बसून होते.